ओखोत्स्कच्या काठी न गेलेली संघमित्रा

संघमित्रा डोंगरे दुर्गजवळच्या रसमड्यात, लोखंडाच्या एका कारखान्यात काट्यावर बसते. काटा म्हणजे ट्रक तोलायचा काटा. ट्रक येऊन लोखंडी फळीवर उभा राहतो, ती काचेतून नंबर बघते, वजन कॉम्प्युटरवर चढवते, पावती छापून ड्रायव्हरच्या हातात देते. दिवसाला शंभर-सव्वाशे ट्रक. संध्याकाळी घरी जाऊन नाक शिंकरलं की रुमाल काळा होतो. वय तीस, लग्न नाही, खुर्सीपारला आईबरोबर राहते. या वर्णनात बसणाऱ्या मुली भिलाई-दुर्गमध्ये हव्या तेवढ्या मिळतील. मग तिच्याबद्दल लिहायला मी का बसलोय? तर जपानच्या उत्तरेला, ओखोत्स्कच्या समुद्रावर बर्फ कोणत्या आठवड्यात येतो हे अख्ख्या रसमड्यात फक्त तिला ठाऊक आहे म्हणून. आणि ते तिला मी शिकवलं. चांगलं शिकवलं, नको तितकं चांगलं.

मी कृष्णराव, भूगोलाचा मास्तर. तेहतीस वर्षं भिलाईतल्या एका हिंदी शाळेत भूगोल शिकवला आणि सेक्टर १० च्या क्वार्टरमध्ये म्हातारा झालो. पोरं माझ्या तासाला गणिताचा होमवर्क करायची. सुरुवातीला मी बघून न बघितल्यासारखं करायचो, पुढे खडू फेकून मारायला लागलो. स्वभाव तापट आहे. मी निवृत्त झालो, तो झाला नाही. शिवनाथ नदीच्या पलीकडे मी स्वतः फारसं काही पाहिलेलं नाही. एकदा पुरीला समुद्र बघितला, तेवढाच. पण नकाशावर मला कुठेही सोडा, मी घरी परत येऊन दाखवीन.

बायको गेल्यापासून माझ्याकडे स्वयंपाकाला चंपाबाई येतात. संघमित्रा त्यांची मुलगी. मूळचे हे लोक भंडाऱ्याकडचे, बाबासाहेबांना मानणारे. चंपाबाईंचे मालक, आनंदराव, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला होते. मुलगी बारावीत असताना ते वारले. तेव्हापासून चंपाबाई सेक्टरमधल्या चार घरी पोळ्या लाटतात. बोलणं कमी. शाळा चौथीपर्यंत. मी त्यांच्यावर कितीदा ओरडलो असेन याची गणती नाही, आणि त्यांनी उलट उत्तर दिलं ते फक्त एकदा. त्याच्याकडे येतोच.

त्यांना एक मुलगाही होता. धम्मपाल. त्याला सिकलिंग होतं.

सिकलिंग हा शब्द आमच्याकडे सर्दी-पडशासारखा कानावर पडतो. भंडारा-गोंदियापासून दुर्ग-रायपूरपर्यंत घराघरात आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, शिरांमध्ये अडकतात, आणि मग माणूस दुखण्याने गडाबडा लोळतो. थंडी लागली की हमखास. पण याचे दोन प्रकार आहेत. आई आणि बाप दोघांकडूनही दोष आला तर एसएस, म्हणजे खरा आजारी. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे नुसता वाहक. त्याला सहसा काही होत नाही, फक्त लग्न जुळवताना समोरचाही एएस नाही ना एवढं बघायचं. डॉक्टरांच्या कागदावर हा फरक स्वच्छ लिहिलेला असतो. वस्तीत मात्र दोघांना एकच शब्द. ‘त्याले सिकलिंग हाय’, झालं. मग तो मरायला टेकलेला असो की आखाड्यात कुस्त्या मारत असो.

धम्मपाल एसएस होता. आठव्या वर्षापासून चंपाबाई त्याला घेऊन रायपूरच्या दवाखान्यात जायच्या. एकोणिसाव्या वर्षी, जानेवारीतल्या एका पहाटे, तो गेला. भिलाईची थंडी ती काय थंडी, नऊ-दहा अंश असेल. पण धुकं दाट होतं, गाडी मिळायला दीड तास लागला, आणि दवाखाना अवघ्या सात किलोमीटरवर असून ते पोचले नाहीत. संघमित्रा तेव्हा बावीस वर्षांची होती. शाळेतल्या शिबिरात तिची तपासणी झालेली होती. ती एएस. धडधाकट.

पुढे काही वर्षांनी ती जपानी भाषेच्या क्लासला जायला लागली. जपानमध्ये माणसं कमी पडतात, शेतीला, गुरांना, मासळीच्या कारखान्यांना; तेव्हा भाषेची एक परीक्षा आणि कामाची एक परीक्षा दिली की ते बोलावून घेतात. भिलाईतल्याच सुपेल्यात एक संस्था हे शिकवायची. काट्यावरून सुटून ती तशीच काळ्या नाकाने क्लासला जाऊन बसायची. पहिल्यांदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. मग कळलं, उत्तरेकडच्या होक्काइडो बेटावर शिंपल्यांच्या एका कारखान्यात जागा आहेत, आणि मुलाखतीत मालक हमखास विचारतो की आमच्या भागाबद्दल तुला काय माहीत आहे. संस्थेचा मास्तर म्हणाला, ‘बोल देना, बहुत सुंदर है.’

ती एका रविवारी माझ्याकडे आली. आई आत पोळ्या करत होती.

“सर, होक्काइडो पढाओगे का मले?”

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कुणी आपणहून भूगोल शिकायला आलं होतं. मी चहा अर्धा ठेवून नकाशांचं पुस्तक काढलं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं होतं.

“आधी मला सांग, जायचं कशाला तिकडे?”

“पांढरं काही पाहायचं हाय, सर. आमच्या रसमड्यात पांढरी गाय बी काळी दिसते.”

मग सहा महिने दर रविवारी आमचा वर्ग भरला. मी आठवडाभर वाचायचो, मोबाईलवर बघायचो, वहीत लिहून काढायचो. तिला सांगायचो, बघ, हे बेट आपल्यापेक्षा तेवीस अंश उत्तरेला आहे, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याच्या रेषेत. तिथे लोक उन्हात लोळायला जातात आणि इथे समुद्र गोठतो. का? सायबेरियावरून येणारा वारा. आणि अमूर नावाची नदी. ती आपलं गोडं पाणी ओखोत्स्कच्या समुद्रात आणून ओतते, ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि लवकर गोठतं. मग त्या बर्फाच्या लाद्या वाऱ्याने दक्षिणेला वाहत येतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावरून दिसायला लागतात, मार्चपर्यंत राहतात. होड्या ओढून जमिनीवर आणून ठेवतात. मासेमारी बंद.

“म्हणजे बर्फ त्यांचा वैरीच झाला,” ती म्हणाली.

“वैरी नव्हे. त्या बर्फाच्या पोटाखाली बारीक शेवाळ वाढतं. वसंतात बर्फ वितळला की ते पाण्यात मिसळतं आणि शिंपल्यांना खायला मिळतं. म्हणून तिथले शिंपले तळहाताएवढे होतात.”

तिला सगळ्यात आवडलं ते समुद्राच्या चार वावरांचं. तिथले कोळी समुद्राचा तळ चार भागांत वाटून घेतात. एका वर्षी एका भागात शिंपल्यांची पिल्लं सोडायची, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या. तीन-चार वर्षांनी पहिल्या भागातले शिंपले मोठे झाले की तेवढाच भाग खरवडून काढायचा आणि लगेच तिथे नवी पिल्लं सोडायची. हे ऐकून ती किती वेळ हसत होती. “समुद्रात बी बांध अन् धुरे! माह्या आजोबाले सांगतलं असतं तर त्यानं कोर्टात केस टाकली असती.”

आणि शेती. मेमध्ये पेरायचं, ऑक्टोबरच्या आत काढायचं, सगळा कारभार पाच महिन्यांत. कांदा, बटाटा, गहू, साखरेचं बीट, आळीपाळीने. काही तालुक्यांत माणसांपेक्षा गाई जास्त. जूनमध्ये गवत कापून दाबून ठेवायचं, कारण पुढचे सहा महिने त्या गाईंना हिरवी काडी दिसणार नाही. काढणीत मातीत राहून गेलेले बटाटे पुढच्या वर्षी गव्हात उगवतात आणि पीक नासवतात, त्यावरचा त्यांचा उपाय तर मला इतका आवडला की मी तो तिला दोनदा सांगितला. बर्फ हे जमिनीवरचं पांघरूण असतं. ते असलं की खालची माती गोठत नाही आणि बटाटा जिवंत राहतो. म्हणून शेतकरी भर हिवाळ्यात ट्रॅक्टरने पट्ट्यापट्ट्याने ते पांघरूण काढून टाकतात. उघडी पडलेली माती गोठते आणि बटाटा आतल्या आत मरतो.

मी हे सांगत होतो तेव्हा चंपाबाई दारात उभ्या होत्या, हाताला कणीक. त्या म्हणाल्या, “जमीनच गोठते?”

“फूट-दीड फूट खोल.”

“अन् मानूस?”

आता इथे मी काय केलं ते नीट सांगितलं पाहिजे. मला ऐकणारं आणखी एक माणूस मिळालं होतं आणि मी चढलो. म्हटलं, चंपाबाई, आतल्या खोऱ्यांमध्ये पारा शून्याच्या खाली पंचवीस-तीस जातो. पापण्यांवर बर्फ धरतो. ओला टॉवेल बाहेर हलवला तर काठीसारखा ताठ होतो. कारखान्याच्या गावी समुद्र जवळ आहे म्हणून थोडं कमी, तरी उणे पंधरा धरून चाला. हे सगळं मी हातवारे करून सांगितलं, शाळेत कधी मिळाली नाही ती शांतता माझ्या व्हरांड्यात पसरली होती. संघमित्राचे डोळे चमकत होते.

चंपाबाईंनी एवढंच विचारलं, “तिथं दवाखाना किती दूर हाय?”

एखाद्या शहाण्या माणसाने म्हटलं असतं, जवळच आहे हो. पण मी अचूक उत्तर देणारा मास्तर ना! मी नकाशावर बोट ठेवून मोजलं आणि म्हणालो, मोठा दवाखाना साठ-सत्तर किलोमीटर. आणि बर्फाचं वादळ आलं की रस्ते बंद करतात. कधी कधी दोन-दोन दिवस घराबाहेर कुणी पडत नाही.

“बरं,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशीच्या पोळ्या करपल्या होत्या. मी त्यावरूनही बोललोच.

मुलाखत मोबाईलवर झाली, संस्थेच्या खोलीत. संघमित्राने मला मागच्या खुर्चीवर बसवून घेतलं आणि चंपाबाईंनाही. पडद्यावर टोपी घातलेला एक म्हातारा, चेहरा उन्हाने रापलेला. जपानीत ‘हो’ला ‘हाय’ म्हणतात. म्हातारा काहीतरी विचारी आणि ही म्हणे, ‘हाय, हाय.’ चंपाबाई माझ्या कानाशी लागल्या, “सर, हे तं आपल्यावानीच बोलून राह्यली.” मला हसू आवरेना. मग त्याने तो प्रश्न विचारला. आणि आमच्या पोरीने त्याला त्याच्याच समुद्राची चार वावरं समजावून सांगितली, बोटांनी हवेत धुरे आखून. म्हातारा उठला, पडद्याबाहेर गेला, आणि बायकोला ऐकायला घेऊन आला.

आठ दिवसांत निवड झाल्याचं कळलं. खुर्सीपारच्या विहारात वंदनेनंतर बायकांनी तिला पुढे बसवलं, बुद्धाच्या देशात चालली म्हणून गळ्यात हार घातला. मी पेढे घेऊन गेलो होतो. चंपाबाई सगळ्यांना पेढे वाटत होत्या, स्वतः खात नव्हत्या. मला वाटलं, पोरगी दूर चालली, आईला वाईट वाटणारच.

मग मेडिकल. दुर्गच्या एका लॅबमध्ये छातीचा फोटो, रक्त, डोळे. चंपाबाई हटून बसल्या की मी सोबत येणार. चारही घरी सुट्टी टाकली, जी त्यांनी धम्मपाल गेला त्यानंतर कधी टाकली नव्हती. संघमित्रा फोटो काढायला आत गेली असताना एक मुलगी फॉर्म घेऊन बाहेर आली आणि आईलाच विचारायला लागली. शुगर? नाही. दमा? नाही. आणखी कुठला आजार?

“सिकलिंग हाय तिले,” चंपाबाई म्हणाल्या. “थंडीत हाडं दुखते. लय दुखते. झोपू नाई शकत.”

त्या मुलीने ते इंग्रजीत लिहिलं. कागद स्कॅन झाला आणि गेला. संघमित्राला हे दहा दिवसांनी कळलं, संस्थेत बोलावल्यावर. समोरचा माणूस म्हणाला, “मॅडम, आपने बताया नहीं. वो लोग बर्फ में पेशंट क्यों लेंगे?”

घरी येऊन तिने आईला विचारलं. चंपाबाई म्हणाल्या, “त्या पोरीनं विचारलं, मी सांगतलं. हाय ना तुले सिकलिंग?” संघमित्रा कपाळाला हात लावून बसली. दुखणं धम्मपालचं, नाव तिचं. आईने दोन लेकरांची पानं एकात एक मिसळली होती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येऊन तिने हे सांगितलं तेव्हा तिच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्यात दोघींच्या वाटचा होता.

पुढचे तीन आठवडे आम्ही दोघं पळत होतो. रायपूरला जाऊन तिने पुन्हा रक्त तपासून घेतलं. रिपोर्ट स्वच्छ: एएस, वाहक, आजार नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली की ही बाई कुठल्याही हवामानात काम करू शकते. तिने स्वतः बसून तिचं जपानीत भाषांतर केलं, चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. संस्थेने ते पाठवलं. उत्तर आलं दोन ओळींचं. अतिशय नम्र. तिच्या प्रकृतीची काळजी घ्यावी अशी विनंती होती आणि जागा भरल्याचं कळवलं होतं.

तिच्या जागी टीना गेली. तिच्याच क्लासमधली, तिच्याच वस्तीतली. टीनाला अमूर नदी माहीत नव्हती. तिचा काही दोष नाही, पण मी त्या पोरीला स्टेशनवर निरोप द्यायला गेलो नाही. संघमित्रा गेली. तिला गरम मोजे घेऊन गेली, स्वतःसाठी घेतलेले.

वर्षभराने रायपूरच्या दुसऱ्या एका संस्थेतून तिने कांद्याच्या शेतावर अर्ज केला. तिथे आधीचा अर्ज निघाला. आधी आजार लिहिलेला, आता लिहिलेला नाही. खरं कोणतं, असं त्यांनी विचारलं. तिने कागद दाखवले, तो माणूस मान हलवत राहिला आणि फोन करतो म्हणाला. तो फोन आला नाही. त्यानंतर तिने अर्ज केला नाही. रविवारी यायची बंद झाली. जपानीची पुस्तकं टीनाच्या धाकट्या बहिणीला देऊन टाकली. मी एकदा म्हटलं, तिसरीकडे बघू. ती म्हणाली, “सर, अब रहने दो.” मराठीत म्हणाली असती तर मी भांडलो असतो. माझ्याशी ती हिंदी बोलायला लागली की समजायचं, आता हिच्याजवळ बोलायला काही उरलेलं नाही.

या फेब्रुवारीत टीनाने बर्फाचा व्हिडिओ पाठवला. संघमित्रा आईला न्यायला माझ्या दारात आली होती, तिथेच तिने तो मला दाखवला. राखाडी आभाळ, आणि नजर जाईल तिथवर पांढऱ्या लाद्या एकमेकींवर चढलेल्या. समुद्राचा आवाजच नाही. मागून टीनाचा आवाज, “दीदी, ये इतना सारा कहाँ से आता है?” आणि ही माझ्या फाटकाशी स्कूटी उभी करून, डोक्याला ओढणी गुंडाळलेली, फोन तोंडाजवळ धरून उत्तर देत होती. नदी, गोडं पाणी, वारा. एकही गोष्ट चुकली नाही. सांगून झाल्यावर फोन पर्समध्ये टाकला आणि आईला म्हणाली, “चल, मले आज सेकंड शिफ्ट हाय.”

दुसऱ्या दिवशी चंपाबाई कामाला आल्या तेव्हा माझं डोकं फिरलेलं होतं. भाजीत मीठ जास्त झालं होतं, निमित्त तेवढं पुरलं. मी ताट सरकवलं आणि तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, दोन अक्षरांचा फरक तुम्हाला कळला नाही. चौथीपर्यंत शाळेत काय केलंत? तुमच्या अडाणीपणापायी पोरीच्या आयुष्याची माती झाली. ती तिथे असती. आज ती त्या बर्फासमोर उभी असती.

चंपाबाई ओट्याशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला, पदराने हात पुसले.

“मले फरक माहीत होता, सर.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“अकरा वर्सं धम्मपालले घेऊन रायपूरले गेली मी. एएस काय अन् एसएस काय, झोपीत इचारा. मी सोता एएस हाव. आनंदराव बी एएस होते, म्हनून तं लेकराले दोन्हीकडून लागलं. मले कधी डोकं दुखलं पाह्यलं का तुमी?”

“मग? कावून केलं असं?” माझ्या तोंडून त्यांचीच बोली निघाली.

“डॉक्टर म्हने एएसले काई होत नाई. त्याच डॉक्टरनं सांगतलं होतं, धम्मपाल चाळीस वर्सं जगन.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, ताटाकडे बघत होत्या. “मी नाई पाठवत म्हनली असती तं ती गेली असती. आयकते का मायचं? अन् तुमी होते तिच्या बाजूनं. मंग मी आडानी झाली. आडानी बाईले कोनी काई म्हनत नाई, दोन दिवस बोलते अन् सोडून देते.”

मी काही बोलायच्या आत त्या पुढे म्हणाल्या, “सात किलोमीटर होता दवाखाना आमचा. तिथं सत्तर हाय. दोन-दोन दिवस रस्ता बंद राह्यते. तुमीच सांगतलं ना, सर.”

हो, मीच सांगितलं होतं. हातवारे करून.

“तिले सांगता का?” त्यांनी विचारलं.

मी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं.

“सांगायचं असन तं सांगजा. मी तुमाले नाई म्हनत नाई. पोट्टी जित्ती हाय माही, रोज संध्याकाळी घरी येते. मले लय झालं.” मग त्यांनी ते ताट उचललं, भाजीत उकडलेला बटाटा कुस्करून घालून खारटपणा मारला, आणि पुन्हा माझ्यासमोर ठेवलं.

मी जेवलो. काय करणार होतो?

त्यानंतर दोन महिने मी चंपाबाईंशी कामापुरतंही बोललो नाही. त्या यायच्या, करायच्या, जायच्या. कधी वाटायचं, जाऊन संघमित्राला सांगून टाकावं. रसमड्यापर्यंत जायची बस मी दोनदा धरली आणि दोन्ही वेळा मधल्याच पॉवर हाउसच्या थांब्यावर उतरून परत आलो. सांगून काय होणार? जपानचा रस्ता उघडणार नव्हता. तिच्याकडे आता एक आई उरली होती आणि संध्याकाळी बसायला एक घर. तेही मी काढून घेतलं असतं. आणि सांगताना मला माझा भागही सांगावा लागला असता. यातलं कोणतं कारण खरं, ते मी स्वतःला विचारत नाही. मला चंपाबाईंचा राग येतो. धम्मपालचं ते पहाटेचं धुकं आठवलं की राग टिकत नाही. मग स्वतःचा येतो, तो मात्र टिकतो.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी फाटकाशी स्कूटी थांबली. संघमित्रा एकटीच होती. सकाळीच बेचाळीस अंशांची तयारी दिसत होती, तिने तोंड-डोकं बांधलेलं, फक्त डोळे उघडे.

“आईले बुखार हाय, सर. दोन दिवस येनार नाई. मी डबा आनला.”

मी डबा घेतला. ती गेली नाही. ओढणी सोडून पायरीवर बसली, पूर्वी रविवारी बसायची तशी. मग म्हणाली, “सर, एक बोलू? तुमी आईशी बोलत नाई म्हने. दोन महिने झाले. तिनं नाई सांगतलं, मले दिसते. घरी येते तं गप बसून राह्यते.”

“तसं काही नाही.”

“मेडिकलचंच धरून बसले ना अजून? जाने दो ना, सर. मी सोडलं, तुमी कावून धरून राह्यले?” तिने नाकाखालची काजळी बोटाने पुसली. “तिच्यावर रागावू नका. चौथी शिकलेली बाई. शब्दच असा हाय आपल्याकडं, दोन्हीले एकच. तिले बिचारीले फरक कुठून माहीत असन?”

ती माझ्याकडे बघत होती. डबा माझ्या हातात गरम होता.

“खरं आहे,” मी म्हणालो. “तिला कुठून माहीत असणार.”